फरसाणाच्या डब्यातली धूळ

इकडे ये बघू. अशी पाहुण्यासारखी दाराशी नको टेकूस, जवळ बस. आणि आधी मला सांग, माणसानं किती दिवस रागवावं? गणपती गेले, दिवाळी गेली, आता संक्रांत चार दिवसांवर आली. माझे निरोप तू वाचतेस, त्या दोन निळ्या खुणा मला दिसतात. उत्तर मात्र एका अक्षराचं नाही. दिवाळीत तुझ्या विद्यापीठाच्या पत्त्यावर चकल्यांचा डबा पाठवला, तो धुऊन पुसून परत आला. चकल्या ठेवून घेतल्यास, तेवढाच मला धीर. पण रिकामा डबा परत पाठवू नये गं, चिमूटभर साखर तरी घालावी. तुझ्या आईनं हे शिकवलं नाही असं मी म्हणणार नाही. तू मुद्दामच रिकामा पाठवलास. आणि डब्यावरून तुला बोलायला मला तोंड राहिलेलं नाही, तेही मला ठाऊक आहे.

आमच्या मंडळाचा अंक निघतो दर वर्षी संक्रांतीआधी, हल्ली फोनवरच. चंदीगड, मोहाली, पंचकुला, तिन्हीकडची मराठी माणसं त्यात काही ना काही लिहितात. यंदा माझ्याकडे आठवणी मागितल्या. मी काही शिकलेली नाही. शाळा सातवीत सुटली, पुढचं वाचन वाण्याच्या पुड्या आणि ह्यांच्या ऑफिसची रद्दी यांवर झालं. पण लिहिते आपली, बोलते तसं. म्हटलं, याच अंकात लिहावं, सगळ्यांच्या देखत. ज्या बायका त्या दिवशी माझ्या दारात उभ्या होत्या त्यांनीही वाचावं. म्हणून तुला ठाऊक असलेलंही सांगत जाईन. तू कंटाळू नकोस. बाकीच्यांना कळायला हवं की तू कोण आणि मी तुझं काय केलं.

तू आमच्या वरच्या खोलीत राहायला आलीस तेव्हा तुझ्या एका बॅगेत कपडे होते आणि दुसऱ्या बॅगेत ब्रश. रंगाऱ्याचे, दाताचे, दाढीचे, सगळ्या मापांचे. लातूरकडची मुलगी, एवढ्या लांब संशोधनाला आलीय, म्हणून मी पहिल्या दिवशी पिठलं-भाकरी केली. तू दोन भाकऱ्या खाल्ल्यास आणि खाली बसून रस्ता झाडायला लागलीस. म्हणजे अक्षरशः. गेटबाहेर उकिडवी बसून, रस्त्याच्या कडेची धूळ दाढीच्या ब्रशनं गोळा करून पिशवीत भरत होतीस, पिशवीवर आकडे लिहीत होतीस. समोरची पंजाबी शेजारीण, माझ्याच वयाची, कुत्र्याला घेऊन उभी राहून बघत होती. मला म्हणाली, "भैणजी, किराएदार रखी है या कामवाली?"

मी म्हटलं, "डॉक्टर होनेवाली है, मिट्टी की."

"लो! अब मिट्टी भी बीमार पड़ने लगी?"

तू मान वर न करता म्हणालीस, "हां जी आंटी, सबसे पहले वही पड़ती है." शेजारीण हसली. मला मात्र त्या दिवशी तू आवडलीस ती कायमची.

आमचे हे सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत जन्मभर उपकरणं जुळवत आले. निवृत्त झाल्यावर घरातले मिक्सर आणि घड्याळं उघडून ठेवायचे. तू आलीस आणि ह्यांना काम मिळालं. जेवताना तुमचं दोघांचं चालायचं, मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची. अर्धं कळायचं नाही. पण एक दिवस तू मला हाताला धरून गेटबाहेर नेलंस, रस्त्याच्या कडेची लोखंडी जाळी दाखवलीस आणि विचारलंस, "काकू, हे पाणी कुठे जातं?"

"गटारात."

"आणि तिथून?"

"जातं असेल बाई, शहराच्या बाहेर. साफ करत असतील कुठेतरी."

तू म्हणालीस, नाही. मोरीचं, संडासाचं पाणी वेगळ्या नळातून जातं, ते साफ होतं. या जाळीतलं पावसाचं पाणी तसंच्या तसं वाहतं. आमच्या गल्लीचं तर सरळ बागेतल्या तळ्यात.

मी तिथंच उभी राहिले. कारण त्या जाळीत मी पंधरा वर्षं रोज सकाळी काय काय लोटत होते ते माझं मला ठाऊक होतं. सडा घातला की दारचा सगळा केर पाण्याबरोबर तिकडे. गुलाबांना मोहरीची पेंड भिजवून घालते, त्याचं उरलेलं पाणी तिकडे. कुंड्यांतली वाहून आलेली माती, माळ्यानं हिरवळीवर फेकलेलं पांढरं खत, कबुतरांची घाण, शेजारणीच्या कुत्र्याचं, ड्रायव्हर लोक गाड्या धुतात तो फेस. सगळं तिकडे. आणि मग संध्याकाळी मी आणि हे हातात हात घालून त्याच तळ्यावर फिरायला जाणार, माशांना कणकेच्या गोळ्या घालणार, आणि मी म्हणणार, अहो, पाणी किती हिरवं झालंय, कोण घाण करतं कोण जाणे.

मी तुला म्हटलं, "पण खत म्हणजे चांगलंच ना गं? विष थोडंच आहे?"

तू म्हणालीस, "तेच तर, काकू. विष असतं तर लोकांनी लक्ष दिलं असतं. तळ्याला अजीर्ण होतंय. रोज आपण त्याला पंचपक्वान्न वाढतोय. ते सगळं शेवाळ खातं, माजतं, आणि मग मेलं की कुजताना पाण्यातला श्वास संपवतं."

तेव्हापासून मी पेंडीचं पाणी कुंडीतच मुरवायला लागले. सडा बंद नाही केला, पण केर आधी सुपलीत भरून घ्यायला लागले. ही सुपली लक्षात ठेव, पुढे येणार आहे.

तुझं म्हणणं असं होतं की कोरड्या दिवसांत रस्त्याच्या कडेला धूळ साठत जाते, आणि मग जो पाऊस येतो त्याचं पहिलं पाणी ती सगळी एकदम तळ्यात नेऊन टाकतं. किती साठतं, त्यातलं किती वाहून जातं, हे तुला मोजायचं होतं. त्यासाठी पाच घरांसमोरचा एकेक पट्टा दिवाळीपासून कोणी झाडायचा नाही, धुवायचा नाही, थंडीतला पाऊस येईपर्यंत. आदल्या हिवाळ्यात पाऊस चुकवून गेला होता, नुसता शिंतडून. तुझं एक वर्ष फुकट गेलं होतं. म्हणून त्या वर्षी तू पट्ट्यांभोवती पांढऱ्या खडूनं रेघा मारल्यास. आमच्या गेटपासून जाळीपर्यंतचा पट्टा सगळ्यांत मोठा, जाळीच्या अगदी तोंडाशी. त्याच्यावर तुझी सगळी भिस्त. ह्यांनी जाळीखाली बसवायला बाटलीचं यंत्र करून दिलं. आत टेबल टेनिसचा चेंडू घातला होता. पहिलं पाणी भरलं की चेंडू तरंगून बाटलीचं तोंड बंद करणार, मागचं पाणी आत येणार नाही. तू चेंडू बघून टाळ्या वाजवल्यास. हे त्या दिवशी दोन वेळा जेवले.

प्रश्न झाडूवाल्या दीदीचा होता. ती म्हणाली, "माताजी, पट्टी छोड़ूँगी तो मेरा साहब मुझे डाँटेगा."

मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "मेरे पे छोड़ दो. साब आया तो मैं बोलेगी. और इस पट्टी को कोई हाथ लगाएगा तो मैं देख लेगी." माझं हिंदी ऐकून ती तोंडाला पदर लावून हसली आणि तिनं माझा शब्द मानला. तूही मानलास. म्हणालीस, "काकू राखणीला आहेत म्हणजे मला काळजी नाही."

आणि मी राखलं गं. खोटं नाही सांगत. दोन महिने राखलं. कोणाच्या ड्रायव्हरनं पाइप लावला की मी धावत बाहेर. शेजारणीचा कुत्रा पट्ट्याकडे वळला की मी काठी आपटायची. ती म्हणायची, "भैणजी, खज़ाना गड़ा है क्या यहाँ?" लोहडीला, इकडच्या शेकोटीच्या सणाला, गल्लीतल्या लोकांनी होळी पेटवायला नेमकी आमच्या गेटसमोरचीच जागा धरली. मी भांडले. राख उडून पट्ट्यात पडेल म्हणून भांडले. ते शेवटी लाकडं उचलून चार घरं पलीकडे गेले. शेजारणीनं रेवडी, शेंगदाणे माझ्या हातात ठेवले आणि म्हणाली, "त्योहार के दिन भी लड़ती हो. और अपना दरवाज़ा देखो. झाड़ू खो गया हो तो मैं दे दूँ?"

सगळे हसले. मीही हसले. पण ते मला लागलं. लग्न झाल्यापासून माझं दार कधी पारोसं राहिलं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी संक्रांत. माझ्याकडे हळदीकुंकू. वर्षातून एकदा सगळ्या जणी माझ्याकडे येतात, फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या बायका, बँकेतल्या, कचेऱ्यांतल्या, बदलीवर आलेल्या नव्या मुली. घरापासून एवढ्या लांब आलेल्या बायकांना त्या दिवशी आपल्याकडच्यासारखं दार दिसावं, सडा, रांगोळी, दाराला तोरण, एवढीच माझी हौस. तू त्याच दोन दिवसांत दिल्लीला कुठल्याशा यंत्रावर पिशव्या तपासायला गेलेली.

सकाळी मी गेट उघडलं आणि तो पट्टा बघितला. पानं, काड्या, कबुतरांची पिसं, कुरकुऱ्यांचं पाकीट, वर राखाडी धूळ. आणि माझ्या डोक्यात आलं. आता हसू नकोस. माझ्या डोक्यात आलं की तुला धूळच हवी ना? मग धूळ मी टाकते कुठे? जपून ठेवते.

मी आतून फरसाणाचा मोठा डबा आणला, रिकामा, घट्ट झाकणाचा. फुलझाडूनं हलक्या हातानं सगळं सुपलीत घेतलं. एक काडी सांडली नाही. पीठ चाळून ठेवावं तशी निगुतीनं डब्यात भरली. झाकण लावलं, जिन्याखाली ठेवला. स्वयंपाकघरात आम्ही असंच करतो गं, पाहुणे येणार म्हणून ओट्यावरचं उचलून आत ठेवायचं आणि गेले की परत मांडायचं. जिन्नस तर तोच असतो. मग मी तीन बादल्या पाणी घातलं, खराट्यानं खसाखसा घासलं. घासलं ते सगळं जाळीत गेलं. बाटली आधी काढून ठेवली होती, हे माझं शहाणपण! आणि त्या ओल्या, स्वच्छ जागेवर मोठी रांगोळी काढली. कडेनं हळदीकुंकू भरलं.

हे दारात चहाचा कप घेऊन आले. बघितलं आणि कप तसाच हातात राहिला.

"अगं, हे काय केलंस?"

"काही बिघडत नाही. सगळी डब्यात आहे. उद्या परत पसरते."

"धूळ म्हणजे साबुदाणा आहे का भिजवून वाळवायला? जी बारीक असते, फरशीला धरून बसलेली, खत तिलाच चिकटतं, तीच तर तिला हवी होती. ती तू आत्ता धुतलीस."

"तुम्ही बारीक-जाड मला शिकवू नका. बायका येतील आता."

"ती आली की सांग तिला."

"सांगीन."

रस्त्याच्या टोकाला दीदी झाडू घेऊन उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

बायका आल्या. तिळगूळ झाला, वाण म्हणून चहाच्या गाळण्या लुटल्या. सगळ्यांनी रांगोळीभोवती उभं राहून फोटो काढले. एक नवी मुलगी म्हणाली, "काकू, तुमच्या दारात आलं की माहेरी आल्यासारखं वाटतं." मी फुलले. दुसऱ्या दिवशी सकाळी, दूधवाला यायच्या आत, रांगोळी झाडून काढली, डबा उपडा केला, धूळ परत पसरली. वर पानं ठेवली, पिसं ठेवली. पाकीटसुद्धा होतं तिथं ठेवलं. खडूच्या रेघा नव्यानं मारल्या, बाटली परत जाळीखाली बसवली.

दुपारी तू बसनं आलीस. पट्टा बघितलास, बॅग खाली टाकलीस आणि मला मिठी मारलीस. "काकू, हळदीकुंकू होतं तरी किती जपलंत!"

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण तू इतकी हसत होतीस. मी म्हटलं, "चल, आत चल, जेवून घे."

तिसऱ्या दिवशी पाऊस आला. तू छत्री सोडून भिजत उभी होतीस. चेंडू तरंगला, बाटली बंद झाली, तू आणि हे लहान मुलांसारखे ओरडलात. ह्यांचा आवाज मध्येच बसला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भजी तळायला आत गेले.

मग उन्हाळा लागला आणि तू सुकायला लागलीस. जेवताना ताटातल्या ताटात बोटं फिरवायचीस. चार घरांचे आकडे एका रांगेत येत होते, आमच्या दाराचेच येत नव्हते. धूळ सगळ्यांत जास्त आणि खत सगळ्यांत कमी. असं होऊच शकत नाही, म्हणायचीस. पुन्हा पुन्हा तपासलंस. तुझ्या गाइडनं एक दिवस विचारलं की हा नमुना हातानं बनवलेला दिसतोय, यातले पांढरे कण कुठून आले. तू घरी आलीस ती आमच्या सोफ्यावर येऊन बसलीस. मी पाणी दिलं. तू म्हणालीस, "काकू, त्यांना वाटतंय मीच काहीतरी मिसळलं. माझं बाकीचं कामही आता ते पहिल्यापासून तपासणार आहेत. खरं सांगा, पट्ट्याला कोणी हात लावला होता का? रांगोळी वगैरे?"

तू सरळ माझ्या डोळ्यांत बघून विचारलंस.

मी म्हटलं, "माझ्यासमोर कोणाची हिंमत आहे?" एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नाही. मी पुढे म्हटलं, "दीदीला विचार हवं तर. मी आत असताना तिनं झाडलं असेल."

हे माझ्याच जिभेनं केलं. कोणी करवून घेतलं नाही.

तू दुसऱ्या दिवशी दीदीला विचारलंस. मी गेटशीच होते. तिनं माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं म्हणून सांगू! मग तुला म्हणाली, "मुझे नहीं पता, बेटा. मैंने नहीं किया." आणि झाडत पुढे गेली. ह्यांनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं कमी केलं. रोज रात्री जेवून उठताना एकच वाक्य, "सांगितलंस का?" मी म्हणायची, उद्या. उद्या, उद्या करत गणपती आले.

मंडळाच्या हॉलमध्ये आरतीनंतर वर्षभराच्या कार्यक्रमांचे फोटो भिंतीवर दाखवत होते. तू माझ्या शेजारी बसली होतीस, हातात प्रसादाचा द्रोण. संक्रांतीचा फोटो आला. आम्ही सगळ्या नटलेल्या, मधे माझी रांगोळी, खाली ओली चकचकीत फरशी. तुझ्या जाळीच्या तोंडापर्यंत स्वच्छ. एकही पान नाही. खडूची रेघ नाही. कोणीतरी म्हणालं, "काकूंचं दार म्हणजे दार!" टाळ्या झाल्या.

तू द्रोण खाली ठेवलास. एवढंच विचारलंस, "आणि मग मी आले तेव्हा तिथं काय होतं?"

मी म्हटलं, "डब्यात भरून ठेवलं होतं गं सगळं. तेच परत पसरलं. एक कण टाकला नाही."

तू माझ्याकडे असं पाहिलंस की त्यापेक्षा तू ओरडली असतीस तर बरं. आठवड्यात खोली सोडलीस. जाताना वाकून नमस्कार केलास. तो नमस्कार माझ्या पायांना अजून भाजतो.

तू गेल्यावर दोनेक आठवड्यांनी जोराचा पाऊस झाला. त्यानंतरच्या एका सकाळी मी तळ्यावर गेले तर लोक नाकाला रुमाल लावून उभे. पाण्यावर हिरवी जाड साय, दुधावर येते तशी, आणि तिच्यात मासे. पोटं वर करून. काही जिवंत होते, तोंडं पाण्याबाहेर काढून आ वासत होते. आम्ही कणकेच्या गोळ्या घालायचो तेव्हा ते तोंडं अशीच वर काढायचे. मला क्षणभर वाटलं, मागतायत. मी काठावर बसले आणि रडले. एक बाई म्हणाली, कोणीतरी विष टाकलं असणार. मी म्हटलं, विष नाही हो, आपलाच केर. तिनं माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं.

दीदीला पलीकडे जाळ्यानं मेलेले मासे ओढायच्या कामाला लावलं होतं. मी तिच्याजवळ गेले, तिचे हात धरले, माफी मागितली. ती म्हणाली, "छोड़ो माताजी. हमारा नाम तो रोज़ लगता है." आणि पुन्हा जाळं पाण्यात टाकलं. तिनं माफ केलं असं मी धरून चालत नाही.

तेव्हापासून मी स्वस्थ नाही. तुझ्या गाइडना पत्र लिहिलं. डबा, सुपली, तीन बादल्या, खोटं, सगळं लिहिलं. शुद्धलेखन कोणाकडून तपासून घेतलं नाही, वाटलं चुका असल्या तर निदान पटेल की माझ्याच हातचं आहे. हे मला सेक्टर सतराच्या पोस्टात घेऊन गेले, रजिस्टर केलं. उत्तर नाही. मराठी त्यांना वाचता येतं का, हे पाकीट टाकल्यावर सुचलं! मग ह्यांनी इंग्रजीत लिहून दिलं, मी सही केली, पुन्हा गेलो. अजून उत्तर नाही. घरोघर जाऊन सांगितलं की गाड्या पाइपनं धुऊ नका, कुत्र्याचं उचला, हिरवळीवर एवढं खत नका टाकू. लोक चहा पाजतात, "हां जी, हां जी" म्हणतात, आणि मी गेटबाहेर पडेपर्यंत पाइप सुरू. शेजारीण एकटी म्हणाली, "भैणजी, कुत्ते का मैं उठा लूँगी. बाकी तुम्हारे बस का नहीं है." खरंच नाही. रोज सकाळी मी गेटशी उभी राहते आणि फेस जाळीकडे जाताना बघते. कुठे जातो ते आता ठाऊक आहे. हे एकदा कळलं की परत न कळलेलं होत नाही, पोरी. तू एवढं माझ्या गळ्यात बांधून गेलीस आणि त्यावर काय करायचं ते सांगायला थांबली नाहीस. हा माझा राग. तेवढा मलाही असू दे.

परवा मंडळात कोणी सांगितलं की तू पंचकुल्यातच आहेस, एक वर्ष वाढवून मिळालंय, आणि हा हिवाळा शेवटचा. चार दारं नव्यानं धरलीयस, पाचवं कुठलं मिळालंय ते त्यांना ठाऊक नव्हतं.

म्हणून ऐक. आमच्या गेटपासून जाळीपर्यंतचा पट्टा दिवाळीपासून कोणी झाडलेला नाही. मी विचारलं नाही तुला, माझं मी ठरवलं. रेघा जुन्याच मापानं मारल्यात, ह्यांनी टेप धरली. तारीख कागदावर लिहून ठेवलीय आणि रोज एक फोटो काढतात हे, माझ्यावर त्यांचा भरवसा नाही म्हणून. बरोबरच आहे. दीदीला मी कोणताही शब्द दिला नाही या वेळी. तिनं आपणहून पट्टा सोडला. हळदीकुंकू गच्चीवर ठेवलंय. बायका मागच्या दारानं, जिन्यानं वर जातील. माझं पुढचं दार संक्रांतीला पारोसं राहणार आहे, जन्मात पहिल्यांदा. इथं वाचणाऱ्या सगळ्या जणींनी आधीच ऐकून ठेवा आणि त्या दिवशी मला काही विचारू नका.

फरसाणाचा डबा मी फेकून दिला.

तू माझा पट्टा घेऊ नकोस हवं तर, तुझ्या कामात माझ्या दाराचं नाव परत नको असेल तर ते मी समजेन. पण येऊन बघ तरी. हातानं चाचपून बघ, ब्रश घेऊन ये, पानाखाली काय आहे ते उचलून बघ. माझ्याशी बोलू नकोस, ह्यांच्याशी बोल. ह्यांनी बाटलीला नवा चेंडू घातलाय आणि रोज एकदा जाळी उचलून बघतात. कसौलीच्या डोंगरांवर दोन दिवस ढग धरलेत. हे म्हणतात, आठवडाभरात येईल.

पाऊस यायच्या आत ये गं. लवकर ये.